शेपूट बांधली का?

मित्रांनो, मी मासे पकडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून गैरसमज नको. मासा पकडतो तो गळ, ओढतो तो माणूस आणि शाबासकीही ते दोघे वाटून घेतात. मी आहे एक जुनी, जाळीची लांब पिशवी. पकडलेला मासा संध्याकाळपर्यंत पाण्यातच जिवंत सांभाळायचा आणि संध्याकाळ झाली की सोडून द्यायचा, एवढंच माझं काम. जन्मभर मी सांभाळलं आणि सोडलं. माझ्या वाट्याला काय राहिलं म्हणाल, तर थोडं शेवाळ आणि कितीही धुतलं तरी न जाणारा एक वास.

सध्या मी मागच्या गॅलरीत खिळ्याला टांगलेली असते. एका बाजूला तारा निघालेली छत्री, दुसऱ्या बाजूला कुणीच वापरत नाही अशी बादली. छत्री सारखी कुरकुरते. मी मात्र आता कुरकुरण्याच्याही पलीकडे गेले आहे. थकले आहे, हेच खरं. पण शाळांना सुट्टी लागली आणि खाली अंगणात तुमचा गलका सुरू झाला की मला राहवत नाही. म्हणून म्हटलं, आज सांगूनच टाकावं.

माझा जन्म खुर्च्या आणि सोफे दुरुस्त करण्याच्या दुकानात झाला. लांबोडकी खोली, एकच खिडकी, जमिनीवर काथ्या आणि कापडाच्या चिंध्या, कोपऱ्यात सरसाचं भांडं. तिथला कारागीर तेव्हा तरुण होता. तोंडात खिळे धरून बोलायची त्याला सवय होती, त्यामुळे गिऱ्हाइकांना त्याचं निम्मं बोलणं कळत नसे. त्याला एक मुलगी होती. सुट्टीत ती बापाबरोबर तळ्यावर जायची, मासे पकडायची आणि बादलीत ठेवायची. एकदा उन्हानं बादलीतलं पाणी तापलं आणि दुपारपर्यंत सगळे मासे पोट वर करून तरंगू लागले. पोरीनं रडून आकाशपाताळ एक केलं. गळाला पुन्हा हात लावणार नाही, असंही जाहीर करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कारागिरानं मोडक्या खुर्च्यांचे वेत वाफेवर वाकवून गोल कड्या केल्या, दोऱ्याला मेण चोळलं आणि मला विणायला घेतलं. माशाचं अंग खरवडू नये म्हणून माझी वीण बारीक आणि मऊ ठेवली. तोंडाशी मोठी कडी, पुढे लहान लहान होत जाणाऱ्या कड्या आणि शेवटी उघडं टोक. त्या टोकात ओवलेली नाडी म्हणजे माझी शेपूट.

मी तयार झाले तेव्हा त्यानं मला उजेडात धरून फिरवून पाहिलं. मी श्वास रोखून वाट पाहत होते. "तिसऱ्या कडीपाशी जरा ओढ बसलीय," तो पुटपुटला आणि मला पोरीच्या हातात दिलं. बस्स. एवढंच कौतुक. कारागीर माणसाला स्वतःच्या कामातली खोट आधी दिसते हे मला पुढे कळलं, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मित्रांनो, खरं सांगते, ती रुखरुख मी कितीतरी वर्षं उरात घेऊन फिरले.

आमचं तळं गावाबाहेर, बसच्या डेपोमागे. विटांसाठी माती काढून काढून पडलेले खड्डे, त्यांत पाणी साठून झालेली लहानमोठी तळी. सगळ्यात उथळ तळ्याला लोक 'बशी' म्हणत, सगळ्यात खोल तळ्याला 'हंडा'. आम्ही हंड्यावर बसायचो. तिथला नियम कडक होता. मासा घरी न्यायचा नाही. दिवसभर हौस करा, संध्याकाळी राखणदाराची शिट्टी झाली की सगळे मासे परत पाण्यात. त्या राखणदाराला मुलं शिट्टीवाले काका म्हणायची, आणि काका त्या शिट्टीचा तोरा मिरवायचे.

माझं काम कसं चालायचं ते सांगते. तोंडाची कडी काठाला काठीवर अडकवायची आणि बाकी अंग पाण्यात सोडायचं. शेपूट सगळ्यात खोल, गार पाण्यात. मासा गळाला लागला की आधी हात ओले करायचे. कोरडा हात माशाला भाजल्यासारखा लागतो म्हणे. मग गळ सोडवायचा आणि मासा माझ्या तोंडातून हळूच आत सोडायचा. संध्याकाळी माझी नाडी पाण्याखालीच सोडायची, म्हणजे मासे आपापले शेपटीकडून निघून जातात. त्यांना हवेत उचलायचं नाही, फेकायचं नाही. मग मला धुवायचं, वाळावं म्हणून शेपूट उघडीच ठेवून टांगायचं आणि पुन्हा तळ्यावर गेलं की पाण्यात सोडण्याआधी नाडीला गाठ मारायची. गाठ मारली नाही, तर मी पिशवी कसली? दोन्हीकडून उघडा बोगदा!

म्हणून मला पाण्यात सोडताना कारागीर दर वेळी विचारायचा, "शेपूट बांधली का?" आणि पोरगी ओरडायची, "बांधली!" हळूहळू तो प्रश्न त्या घराचाच झाला. कुलूप लावलं का, दिवा मालवला का, परीक्षेला पेन घेतलं का, या सगळ्याला मिळून एकच प्रश्न, "शेपूट बांधली का?" आलेले पाहुणे बावचळून इकडेतिकडे बघायचे.

माझं नाव त्या पोरीनंच ठेवलं. "दिवसभर आत बसायचं आणि शिट्टी झाली की सुटायचं. बाबा, ही तर शाळा आहे!" तेव्हापासून मी शाळा. पहिला मासा आत आला की "शाळा भरली" आणि संध्याकाळी "शाळा सुटली". मुलांना सुट्टी लागली की माशांची शाळा सुरू, असा आमचा उलटा कारभार. हंड्यात एक थोराड, मिशाळ मासा होता. तो कुणाच्याच गळाला टिकत नसे, दोर तोडून जात असे. त्याचं नाव अर्थातच मुख्याध्यापक. पोरीनं प्रत्येक सुट्टीत त्याच्या पायी जंग जंग पछाडलं, पण मुख्याध्यापक काही शाळेत आले नाहीत.

मग पोरगी मोठी झाली. तिला सुट्ट्या उरल्या नाहीत. मी दुकानातल्या खिळ्यावर चढले आणि तिथेच राहिले. माझ्यावर काथ्याची धूळ बसली, एका उंदरानं मला कुरतडून पाहिलं आणि बेचव म्हणून सोडून दिलं. पुढे दुकानही बंद झालं. कारागिराची बायको गेली आणि तो लेकीकडे राहायला आला. येताना त्यानं एक वाकडी सुई आणली, एक लहान हातोडी आणली आणि मला आणलं. लेक म्हणाली, "बाबा, हिला कशाला आणलंत? वास येतो." तो म्हणाला, "राहू दे एका बाजूला."

पण मी एका बाजूला पडून राहिले नाही, ते भिंगरीमुळे. भिंगरी म्हणजे लेकीची मुलगी. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं, म्हणून हे नाव. तिनं एकदा मला खिळ्यावरून ओढलं, तोंडाच्या कडीतून डोकं घातलं आणि अंगात झगा घातल्यासारखी घरभर नाचली. आजोबा हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले. त्याच सुट्टीत आम्ही पुन्हा हंड्यावर गेलो. कारागीर आता आजोबा झाला होता, शिट्टीवाल्या काकांचे केस पिकले होते, पण शाळा मात्र पहिल्यासारखीच भरली. त्या दिवशी मला माझ्या दमण्याचाही आनंद झाला.

काही सुट्ट्या अशा चांगल्या गेल्या. मग आजोबांचं विसरणं सुरू झालं.

आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं. मग एकदा चहाचं आधण ठेवून ते झोपी गेले आणि भांडं जळून काळं ठिक्कर पडलं. एकदा गळाच्या दोराला लावायचं, पाण्यावर तरंगणारं बूच आणायला म्हणून कोपऱ्यावर गेले, ते भलत्याच गल्लीत बाकावर बसलेले सापडले. न्हाव्यानं ओळखून घरी आणून सोडलं. आजोबा हसत होते, पण त्यांची बोटं शर्टाचं बटण सारखी काढत-घालत होती.

भिंगरीचे बाबा ट्रक चालवतात, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. आई लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी दिवसभर उभी असते. संध्याकाळी घरी आली की आधी पाय भिंतीला वर लावून पडते. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ती तशीच पडली असताना भिंगरीनं तळ्याचा विषय काढला. मी गॅलरीतून सगळं ऐकत होते.

"नाही," आई म्हणाली. "तिथं खोल पाणी आहे. आणि आजोबांचं आता असं झालंय."

"पण आई, मी असते ना त्यांच्याबरोबर!"

"तू त्यांना सांभाळणार की ते तुला?"

आजोबा दाराशी उभे होते. ते सावकाश म्हणाले, "पोरी, दुसरं काही मागत नाही मी. या खोलीत बसून बसून मी उलट जास्त विसरतो. तळ्यावर मला सगळं आठवतं."

"ठीक आहे," आई अखेर म्हणाली. "जा. पण बाबा, स्पष्ट सांगते. तिथं एक जरी गोष्ट विसरलात, तर त्या दिवसापासून तळं बंद. मग रुसायचं नाही."

"बरं," आजोबा म्हणाले. त्यांना 'बरं' म्हणताना इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

भिंगरी मोठी हुशार पोरगी. आजोबांना सारखं 'हे घेतलं का, ते घेतलं का' विचारलं, तर ते खट्टू होतील, हे तिनं ओळखलं. म्हणून तिनं उलटा डाव टाकला. "आजोबा, माझी परीक्षा घ्या. आधी काय करायचं?" मग आजोबा परीक्षक व्हायचे. "आधी हात ओले. मग? पाव भिजवून गोळे. मग? बूच किती उंचीवर? आणि शेपूट बांधली का?" परीक्षा घेता घेता त्यांचं स्वतःचं सगळं नीट व्हायचं. ती मुद्दाम एखादं उत्तर चुकायची, मग तर त्यांना चेवच चढायचा. नाडीची गाठ मात्र नेहमी तेच मारायचे. दोन वेढे, एक फास, टोक फासातून काढून ओढ. त्या गाठीसाठी त्यांच्या बोटांना डोक्याची गरज लागत नसे. अख्खी सुट्टी अशी निभावली. एकही गोष्ट विसरली नाही.

शेवटचा दिवस आला. आईनं लवकर सुटी मागून घेतली होती. ती संध्याकाळी परस्पर तळ्यावर येणार होती, कितीतरी वर्षांनी. तिला भरलेली शाळा दाखवायची, म्हणजे पुढच्या सुट्टीचीही परवानगी पक्की, असा भिंगरीचा बेत होता. त्यामुळे तिची सकाळपासून नुसती लगीनघाई. चांगली जागा दुसऱ्या कुणी धरू नये म्हणून तळ्याच्या फाटकातून ती पुढे पळाली. परीक्षा राहिली.

आजोबा मला घेऊन मागून आले. काठावर बसले, मला मांडीवर घेतलं आणि नाडी हातात धरली. एक वेढा झाला. दुसरा झाला. इतक्यात शिट्टीवाले काका आले. "काय हो, माझ्या खुर्चीची बैठक खचलीय. येईल का करता?"

आजोबांचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांत त्यांना कुणी कामाचं विचारलं नव्हतं. स्प्रिंग कुठली, काथ्या किती, कापड कुठलं, असं बोलणं रंगलं. बोलता बोलता बोटं सैल झाली. वेढे उलगडले. काका गेले, आजोबांनी खुशीत मला उचललं आणि पाण्यात सोडलं.

मी ओरडले, मित्रांनो. पण आमचं ओरडणं तुम्हाला कुठं ऐकू येतं? पाणी माझ्या तोंडातून आलं आणि शेपटीतून सरळ निघून गेलं.

आणि नेमका तोच दिवस असा निघाला, की मासे जणू रांग लावून उभे होते. बूच बुडलं की मासा, बूच बुडलं की मासा. चंदेरी, लाल पंखांचे, पट्ट्यापट्ट्यांचे. भिंगरी हात ओले करायची, हळूच गळ सोडवायची आणि म्हणायची, "चला, वर्गात बसा." मासा आत यायचा, कडीमागून कडी ओलांडायचा आणि मागच्या दारानं पसार व्हायचा. मला प्रत्येकाचा स्पर्श कळत होता. मी अंग आवळून पाहिलं, लाटेबरोबर पीळ घालून पाहिलं. पण नाडी सुटलेल्या पिशवीचं कोण ऐकतं? वर जुन्या गोष्टी निघत होत्या, दोघं डबा खात होती, आणि मी खाली एकटी सगळं गळताना पाहत होते. इतकी दमणूक मला भरलेल्या दिवशीही कधी झाली नव्हती.

उन्हं कलली. भिंगरीचं बूच एकदम दिसेनासं झालं आणि गळाची काठी कमानीसारखी वाकली. "आजोबा!" ती किंचाळली.

"ओढू नको! जाऊ दे त्याला. दोर दे, दोर दे... आता घे थोडा. घाई नको. दमू दे." आजोबा तिच्यामागे उभे राहिले, पण काठीला त्यांनी हात लावला नाही. किती वेळ ती ओढाताण चालली कुणास ठाऊक. शेवटी पाण्यावर एक रुंद, काळसर पाठ आली आणि मग पांढऱ्या मिशा.

"मुख्याध्यापक," आजोबा कुजबुजले.

भिंगरीनं आधी हात ओले केले. दोघांनी मिळून मुख्याध्यापकांना माझ्या तोंडात उतरवलं. काय वजन ते! माझ्या वेताच्या कड्या करकरल्या. ते सावकाश पुढे सरकले, तिसऱ्या कडीपाशी क्षणभर थांबले. मला वाटलं, राहतील. थकलेत, राहतील. पण पुढे मोकळं पाणी होतं. शेपटीशी त्यांची मिशी मला चाटून गेली आणि मी पुन्हा रिकामी झाले.

आई आली तेव्हा तिच्या चपला हातात होत्या. पाय सुजले होते. तरी हंडा पाहून ती उगाचच हसली.

"डोळे मीट," भिंगरी म्हणाली. "मीट ना! तू जन्मात पाहिलं नसशील असं दाखवते." तिनं मला अर्धं वर ओढलं आणि तिचे हात थबकले. मला वजनच नाही, हे तिला लगेच कळलं असणार. मी पाण्याबाहेर आले. माझ्यात एक गोगलगाय होती.

मित्रांनो, पुढचा क्षण मी विसरू शकत नाही. भिंगरीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या नाडीकडे, मग आजोबांकडे. आजोबा नाडीकडेच पाहत होते.

"दोरी कुजली होती, आई!" भिंगरी घाईघाईनं म्हणाली. "तुटली बघ. जुनी झालीय ना ही पिशवी! फेकूनच देऊ या."

मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. जन्मभर मी कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडले. आता नालायक ठरून उपयोगी पडता येत असेल, तर तेही चालेल, असं मला वाटलं. फेका मला. पण म्हाताऱ्याचं तळं राहू द्या.

आईनं नाडी हातात घेतली. शेवटी तीही कारागिराची लेक. तुटलेला दोरा आणि न बांधलेला दोरा यांतला फरक तिला कळणार नाही तर कुणाला? टोकाला मेण तसंच होतं. तिनं नुसती नाडी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

"दोरी धड आहे," आजोबा म्हणाले. "तिला उगाच नावं ठेवू नका. गाठ मी मारली नाही. मी विसरलो."

भिंगरी मुसमुसू लागली. "आई, सकाळी मी विचारलंच नाही त्यांना. मी पुढे पळाले. माझं चुकलं."

"गप," आजोबा म्हणाले. "शेपूट बांधायचं काम माझं." मग आईकडे न बघता म्हणाले, "तू सांगितलं होतंस. मी रुसणार नाही."

आई काठावर बसली. सुजलेले पाय तिनं पाण्यात सोडले. मग तिनं विचारलं, "भिंगरे, काय दाखवणार होतीस?"

"मुख्याध्यापक," भिंगरी हुंदके देत म्हणाली. "पण आता तू विश्वास नाही ठेवणार."

"बाबा?"

"होते," आजोबा म्हणाले. "तेच. मिशी पांढरी झालीय. उजवा कल्ला फाटलाय, तुझ्या लहानपणी तुझा गळ तोडून निसटला होता ना, तेव्हाचाच."

आई चमकून त्यांच्याकडे वळली. कालचं जेवण त्यांना आठवत नव्हतं. पण तिच्या लहानपणी कुठल्या बाजूचा कल्ला फाटला, ते आठवत होतं. ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. "माझ्या हातून निसटला तो, आणि शेवटी तुमच्या शाळेतूनही मागच्या दारानं पळाला," ती म्हणाली. "भलताच वांड आहे."

शिट्टी झाली. काठावरची माणसं आवरू लागली. आईनं मला उचललं आणि आजोबांच्या मांडीवर ठेवलं.

"तळं बंद नाही," ती म्हणाली. "पण यापुढे गाठ भिंगरी मारणार. तिला आत्ता शिकवा. माझ्यासमोर. आणि 'शेपूट बांधली का' हे आता तुम्हीच नाही, आपण सगळ्यांनी विचारायचं. मीही येत जाईन, जमेल तेव्हा."

आजोबांनी भिंगरीची बोटं आपल्या बोटांत घेतली. "दोन वेढे," ते म्हणाले. "मग फास. आता टोक आत, आणि ओढ. अशी नाही. पुन्हा." शाळा सुटून गेली होती, आत एकही मासा नव्हता, आणि ती दोघं माझी शेपूट पुन्हा पुन्हा बांधत होती, सोडत होती. अंधार पडेपर्यंत शिट्टीवाल्या काकांनी आम्हाला हाकललं नाही.

त्यानंतरही सुट्ट्या आल्या. भिंगरी उंच झाली. गाठ तिला माझ्यापेक्षाही पाठ झाली. आजोबांचं मात्र एकेक करून सुटत गेलं. आधी तळ्याची वाट, मग काठी कशी धरायची ते, मग भिंगरीचं नाव. तरी आई आणि भिंगरी त्यांना दोन बाजूंनी धरून हंड्यावर आणत आणि काठावर खुर्ची मांडून तीत बसवत.

मागच्या सुट्टीत एकदा भिंगरी गळाशी गुंतली होती आणि आजोबांना चाळा म्हणून आईनं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी मला उजेडात धरलं. वीण बोटांनी चाचपली, कड्या दाबून पाहिल्या. तिसऱ्या कडीपाशी त्यांचं बोट थांबलं. मी पुन्हा पहिल्या दिवसासारखा श्वास रोखला.

"कुणी विणलीय ही?" त्यांनी विचारलं.

"एका कारागिरानं," भिंगरी म्हणाली.

"हात चांगला आहे," आजोबा म्हणाले. "फार चांगला हात. भेटला तर सांग त्याला."

"सांगते," भिंगरी म्हणाली.

मग त्यांनी माझं टोक शोधलं, नाडी ओढून पाहिली आणि विचारलं, "शेपूट बांधली का?"

"बांधली, आजोबा."

मित्रांनो, मला आता फारसं काही नको आहे. मला ओलीच गुंडाळून ठेवू नका, गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, एवढं पुरे. तुमच्या घरातही माझ्यासारखं जुनं काहीतरी खिळ्याला लटकत असेल, कुणीतरी खुर्चीत बसून असेल. त्यांच्याकडून एखादी गाठ मारायची राहिली, तर रागावू नका. गुपचूप बांधून टाका. आणि कुणाचं काम आवडलं, तर ते त्याला आजच सांगा. ज्यानं केलं, त्याला ते आपण केल्याचं आठवत आहे तोवर सांगा.

आणि हो, तो निरोप पोचला बरं का. त्याच संध्याकाळी भिंगरीनं मला गॅलरीत टांगलं आणि आत जाऊन ती आजोबांच्या पायाशी बसली.

"आजोबा, तुम्ही जाळीची एक पिशवी विणली होती ना, तळ्यावर एकजण तिचं फार कौतुक करत होते. म्हणाले, हात फार चांगला आहे. मुद्दाम सांगायला सांगितलंय."

"असं?" आजोबा जरा ताठ बसले. "कोण होते?"

"होते एक म्हातारेसे. चांगले जाणकार वाटले."

आजोबा पुढे झुकले.

"शेपूट ओढून पाहिली का त्यांनी?"

"पाहिली."

"मग खरंच जाणकार असतील," आजोबा म्हणाले.